क्लबातल्या हिवाळी व्याख्यानासाठी प्रोजेक्टर सुचवा (बजेट २०० पौंड)

सोलेंटकाठ
इथे इंग्लंडात ऑक्टोबरात बोटी पाण्याबाहेर काढल्या की मार्चपर्यंत आमच्या सेलिंग क्लबात महिन्याला एक व्याख्यान असतं. जानेवारीचं आयोजन माझ्याकडे आहे. विषय : भारतात बांधलेल्या बोटींच्या पृथ्वीप्रदक्षिणा, सुहैली ते म्हादेई. श्रोते ६०, हॉल ९ मीटर लांब, बारचे दिवे बंद करता येत नाहीत. माईकही नाही. सगळं २०० पौंडांत बसवायचंय.

शिडाची_दोरी
६५० पौंडांचा लेझर प्रोजेक्टर घ्या. माझ्याकडे आहे, दिवे चालू असताना स्वच्छ दिसतं. २०० मध्ये खेळणं मिळेल.

खारावारा
ताईंनी बजेट दिलंय हो. जुना, ऑफिसातून निघालेला घ्या, पण उजेड एएनएसआय (प्रमाणित मोजणीचे) ३००० ल्युमेन्स लिहिलेला बघूनच. नुसते '९००० ल्युमेन्स' हा आकडा फसवा असतो. पडदा २.४ मीटर रुंद आणि थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर ३.६ मीटरवर बसेल. दिव्याचे किती तास झालेत ते मेन्यूत दिसतं. गोदामातला थंडगार प्रोजेक्टर लगेच लावू नका, आत दव धरतं. तासभर हॉलमध्ये ठेवा.

डोलकाठी
५५ इंची टीव्ही का नको? माझा उत्तम चालतो.

खारावारा
शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ५५ इंचीची उंची ६८ सेंमी, म्हणजे ४ मीटरपर्यंतच. मागचे निम्मे लोक आंधळे.

कुलाबाबंदर
अवांतर : मुंबईत हे उलटं. तिथे सीझन ऑक्टोबर ते मे, बोटी पावसाळ्यात बाहेर. व्याख्यानं जुलैत हवीत, आणि भरवतात डिसेंबरात, तेव्हा खरे शिडवाले पाण्यावर असतात!

शिडाची_दोरी
अभिलाष टॉमींची गोल्डन ग्लोब घ्याच. २०२२ ची, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत, २३६ दिवस, दुसरा क्रमांक.

कुलाबाबंदर
ती बोट रस्लर ३६, इंग्लंडात बांधलेली. विषयात बसत नाही. त्यांची २०१२-१३ ची न थांबता केलेली प्रदक्षिणा म्हादेईवरची, ती घ्या. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे त्याच बोटीवर चार थांबे घेऊन एकट्याने फिरून आले. म्हादेई ५६ फुटी, गोव्याची. सुहैली ३२ फुटी, मुंबईत सागवानात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये फालमथहून निघून ३१२ दिवसांनी तिथेच परतले. एकट्याने, न थांबता, जगात पहिले.

शिडाची_दोरी
माणूस टॉमीच आहे ना? श्रोते गोल्डन ग्लोबबद्दल विचारणारच.

नांगर
माईक आधी घ्या. प्रोजेक्टरचा स्पीकर बारच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. वायरलेस घ्याल तर ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झचा, ब्रिटनमध्ये त्याला लायसन्स लागत नाही. लॅपटॉपचा आवाज स्पीकरला जोडल्यावर घुं-घुं आली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ती घुं-घुं अडवणारी छोटी डबी) टाका. बोटीवरचे व्हिडिओ बहुतेक फोर-के एचईव्हीसी (जड, नव्या प्रकारच्या फाइली) असतात, जुन्या लॅपटॉपवर अडखळतात. आदल्या दिवशी १०८० चे एच.२६४ (हलका, जुना प्रकार) करून लॅपटॉपवरच उतरवा. आणि प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही, तपासा.

डोलकाठी
+१. प्रोजेक्टर जुनाच घ्या, ३००० ल्युमेन्सचा.

सोलेंटकाठ
सगळ्यांचे आभार. प्रोजेक्टर घेत नाही. पैसे माईक-स्पीकरवर आणि भिंतीवरच्या नकाशावर घालते. वक्ते तयार आहेत. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायचं यंत्र) आणि स्टॉर्म जिब (वादळातलं छोटं शीड) आणतील, लोकांना हातात घेता येईल. नकाशा ए-शून्य आकाराचे दोन कागद जोडून १.२ मीटर उंच, आणि बोलता बोलता दोन बोटींचे मार्ग दोन रंगांच्या लोकरीने टाचण्यांवर ओढत जायचे.

शिडाची_दोरी
चूक करताय. व्हिडिओशिवाय दक्षिण महासागराच्या लाटा कळणार कशा?

खारावारा
नकाशाच करायचा तर नेहमीचा चौकोनी, मर्केटर पद्धतीचा नको, त्यात दक्षिण महासागर ताणला जातो आणि मार्ग कडेला तुटतो. दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेला छापा, कडा विषुववृत्ताच्या पलीकडेपर्यंत. गुड होप, लीउविन, हॉर्न तिन्ही भूशिरं एका कड्यात दिसतात. आणि कागद मॅट घ्या. लॅमिनेट केलंत तर बारचे दिवे त्यात चमकतील.