मदत हवी आहे: सातबारा मोबाइलवर काढणारे वडील पीक पाहणीला मात्र हात लावेनात

आमचे अण्णा, वय 68, पाथर्डी तालुक्यात शेती. डिजिटल सहीचा सातबारा गेली चार वर्षं स्वतःच मोबाइलवर काढतात. ओटीपी टाकायचा, 15 रुपये भरायचे, फाइल गावातल्या झेरॉक्सवाल्याला पाठवायची. मग तो कागद घडी घालून डेअरीच्या पासबुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत. तलाठ्याची (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सही नको की शिक्का नको, यावर पारावर त्यांचं भाषणच असतं.

2021 मध्ये ई-पीक पाहणी (ॲपवर पिकाचा फोटो टाकून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं) आली तेव्हाही गावात पहिले तेच. पण मागच्या खरिपात फोटो काढूनही सातबाऱ्यावर तूर चढलीच नाही. हमीभावाच्या नोंदणीला गेलो तर पिकाचा रकाना कोरा. शेवटी व्यापाऱ्याला घातली. तेव्हापासून एकच पालुपद: "सातबाऱ्याचा कागद तरी हातात येतो. ह्यात काय येतं?" यंदा पाहणी करायला नेमलेला सहायक येईल म्हणून वाट बघत बसलेत.

ॲप शिकवायचा प्रश्न नाही, माझ्यापेक्षा भराभर चालवतात. मनातून उतरलंय एवढंच. एकदा सोडलेली ऑनलाइन सेवा तुमच्या घरात कुणी पुन्हा धरली का? कशामुळे?

प्रतिसाद 1
शेतात रेंज होती का? नसेल तर माहिती फोनमध्येच साठते, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी लागते. माझे सासरे तिथेच फसले होते. आता आम्ही ॲपमध्ये गावाची पाहणी उघडतो, यादीत नाव दिसलं की स्क्रीनशॉट काढून प्रिंट. सासऱ्यांना तेवढा कागद पुरतो! पीक चुकलं तर 48 तासांत दुरुस्तीही करता येते.

धागाकर्ता
रेंज बांधावरच्या लिंबाखाली येते तेवढीच. फोटो काढून तसेच घरी आले असणार.

धागाकर्ता
यादी सापडली. यंदा आमचं नाव अर्थातच नाही, शेजारच्या गटातल्या भावकीचं मात्र आहे. फोनवर सांगितलं तर अण्णा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "रविवारी ये. आधी लिंबाखाली जाऊ."