व्हिजिटर मूरिंगचे पैसे: द्यायचे की नांगर टाकायचा?

प्रेषक: ब्रिस्टलचा धाकटा

सर्वांना नमस्कार.

जूनमधल्या ओबानच्या (स्कॉटलंडचा पश्चिम किनारा) नौकासहलीचा हिशेब मांडून राहिलो. भाड्याची नौका ११.५ मीटरची, माणसं सहा, मुक्काम आठ रात्रींचा. नौकेचं भाडं, डिझेल, किराणा इथपर्यंत सगळं जुळलं. अडलं ते मुक्कामाच्या खर्चावर. मरिना, म्हणजे नौका बांधायचे सोयीचे धक्के, महाग, ते समजू शकतो. तिथे नळ आहे, वीज आहे, अंघोळीला गरम पाणी आहे. पण पायलट बुकात (नौकावाल्यांच्या किनारा-मार्गदर्शकात) जागोजागी ‘व्हिजिटर मूरिंग’ लिहिलंय. म्हणजे पाण्यात तरंगणारा एक बोया. त्याला दोर बांधायचा नि रात्र काढायची. त्याचे कुठे २०, कुठे २५ पौंड.

आपला नांगर नौकेवर आहेच, तो टाकायला कोणी पैसे मागत नाही. समुद्र काही कोणाच्या बापाचा नाही. मग नुसता दोर बांधायचे पैसे कायले? शिवाय बऱ्याच ठिकाणी वसुलीला कोणी येतच नाही म्हणे, किनाऱ्यावर पेटी ठेवलेली असते. सकाळी सहालाच निघालो तर?

(शेवटचं वाक्य गमतीनं लिहिलंय. निदान अर्धं.)

*

प्रेषक: पवनीकर

बाबू,

तुझा मेल कालच दिसला, पण इकडे लाईन गेली होती. धानाची मळणी सुरू आहे, अंगणभर भूस, आणि फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. पाळीवर बसूनच लिहितो आहे.

आधी समुद्राच्या बापाचं बघू. बाप आहे. पाणी सगळ्यांचं, ये-जा करायचा हक्क सगळ्यांना, वाटेत थांबून नांगर टाकला तर सहसा कोणी हटकत नाही. पण खालचा तळ, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, जवळजवळ सगळा क्राउन इस्टेटच्या, म्हणजे तिकडच्या राजगादीची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात. स्कॉटलंडपुरतं ते काम २०१७ पासून क्राउन इस्टेट स्कॉटलंड बघते. तळाला कायमचा खुटा ठोकायचा तर त्यांची परवानगी लागते, भाडं भरावं लागतं. आपल्याकडे निराळं काय आहे? ज्या पाळीवर मी बसलो तो तलाव सरकारचा, मासोळी सोसायटीच्या ठेक्याची, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघडी पडणारी गाळपेर कसायला तिसऱ्याकडे.

आता दोर बांधायच्या पैशांचं. तुला दिसतो तो बोया हा त्या मालाचा सगळ्यात स्वस्त भाग. त्याच्याखाली साखळी, साखळीला फिरती कडी, तिच्याखाली आणखी जाड साखळी, आणि तळाशी चिखलात रुतलेला सिमेंटचा नाहीतर लोखंडाचा मोठा ठोकळा. भरती-ओहोटीनं ही साखळी दिवसातून चारदा उचलली-टेकवली जाते, तळावर घासते. बोटाएवढी जाड कडी काही वर्षांत निम्मी होते. म्हणून दर वर्षी पाणबुड्या उतरवायचा नाहीतर सगळं वर ओढून तपासायचं, झिजलेलं बदलायचं. तुझे २० पौंड तिथे जातात. तिकडच्याच टोबरमोरी गावात हे काम गावातल्याच लोकांची हार्बर असोसिएशन बघते. लहान खाडीत कुठे सामुदायिक ट्रस्ट, कुठे एखादी खानावळ.

नांगर फुकट खरा, पण त्याचंही गणित करून बघ. ओहोटीला पाणी ६ मीटर, भरतीला साडेतीन वर चढणार, नौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर उंच. झाले साडेदहा. नांगर धरून राहावा म्हणून चौपट साखळी धरली तर ४२ मीटर सोडावी लागते, आणि वारा फिरला की नौका तेवढ्या साखळीवर गोल फिरणार. अरुंद खाडीत दुसऱ्या चार नौका असल्या तर कोण कोणाला धडकेल ते सांगता येत नाही. वर पश्चिम स्कॉटलंडात तळाला केल्प, म्हणजे समुद्री शेवाळ, माणसाच्या हाताएवढ्या देठांचं. नांगर त्यात अडकतो, आपल्याला वाटतं बसला, आणि रात्री दोनला जाग येते तेव्हा खडक खिडकीत असतो. माझं हे तीनदा झालंय. तिसऱ्यांदा नांगर वर घेतला तर त्याला बैलगाडीभर तपकिरी शेवाळ. टॉर्च तोंडात धरून चाकूनं कापत बसलो, पावसात.

आता तुझं ‘अर्धं गमतीनं’. एका छोट्या खाडीत, नाव नको, आम्ही बोया घेतला. धक्क्यावर लोखंडी पेटी, पाकिटावर नौकेचं नाव लिहून १५ पौंड टाकायचे. पाऊस धो धो. छोटी बोट फुगवून किनाऱ्यावर जायचा कंटाळा आला. सकाळी बघू म्हटलं. सकाळी वारा चांगला होता, निघून गेलो. दोन वर्षांनी परत गेलो तर बोयाच नाही. साखळी झिजली म्हणून उचलला, नवीन टाकायला पैसे जमले नाहीत, असं किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं. माझ्या १५ पौंडांत नवी साखळी आली नसती हे मलाही कळतं. तरी त्या बाईसमोर मी म्हटलं नाही की मी इथे आधी येऊन गेलोय.

हे इथे बसून आठवायला कारण आहे. हा तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. पूर्वी ज्याचं शेत या पाण्यावर, त्यानं पाळ दुरुस्तीला आणि गाळ काढायला माणूस द्यायचा, आणि पाणी वाटणाऱ्या पाणकराला धान. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ती जायलाच पाहिजे होती, आणि तलाव सरकारजमा झाला. त्याबरोबर ते धानही बंद झालं आणि ती मजुरीही. मी पोट्टा होतो तेव्हा तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी म्हैस पोहायची. आता तिथे ती उभी राहते, पोटाला पाणी लागत नाही.

आमच्या शेजारचा ढिवरभाऊ आयुष्यभर वैनगंगेत डोंगा चालवत आला. त्याला तुझा प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘‘पानी कोनाचंच नाही, बराबर. पर खुटा त्यायचा, साखळी त्यायची. मंग पैसे कायले नाही द्याचे?’’ मग जाळं झटकत त्यानं मलाच विचारलं, ‘‘रातच्याला राखन कोन करते?’’

कोणीच नाही. बहुतेक ठिकाणी पाटीच असते की स्वतःच्या जबाबदारीवर बांधा. हे ऐकल्यावर तो हसला. ‘‘म्हंजे बाजाराच्या चिठ्ठीवानी.’’ आठवडी बाजारात ठेकेदार बसायची पावती फाडतो. पुढे तुमचे वांगे गोऱ्हा खाऊन गेला तर ठेकेदाराचा संबंध नाही.

*

प्रेषक: पोर्ट्समथची वहिनी

काकांचं सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली. मूरिंगचे पैसे वेगळे आणि हार्बरचे वेगळे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बऱ्याच खाड्या हार्बर अथॉरिटीच्या, म्हणजे बंदराचा कारभार बघणाऱ्यांच्या, हद्दीत येतात आणि तिथे नांगर तुमचा असला तरी हद्दीत थांबल्याचे पैसे लागू शकतात. आम्हाला हे कळलं ते असं: स्वतःचा नांगर, स्वतःची साखळी, सकाळी मस्त पोहे आणि चहा, आणि लाँचमधून एक मुलगा कार्डाचं मशीन घेऊन हजर. आमच्या ह्यांनी वीस मिनिटं वाद घातला. पोहे गार झाले, पैसे द्यावे लागलेच, आणि आजूबाजूच्या नौकांवरचे लोक कॉफी घेऊन बघत होते. तेव्हा हद्दीत शिरण्याआधी त्यांचं दरपत्रक वाचा.

दुसरं, याच किनाऱ्यावर स्टडलंडच्या उपसागरात तळाला समुद्री गवत आहे, त्यात समुद्रघोडे (घोड्याच्या तोंडाचे छोटे मासे) राहतात. २०१९ मध्ये ते संरक्षित क्षेत्र झालं, २०२१ च्या डिसेंबरपासून त्यातल्या एका भागात नांगर टाकू नका अशी विनंती आहे. सक्ती नाही, विनंती. तिथे आता ठोकळ्याऐवजी तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेले मूरिंग आहेत, साखळी गवतावर घासत नाही. नेहमीच्या मूरिंगभोवती टक्कल पडल्यासारखा गोल असतो ना, तो इथे पडत नाही. अशा ठिकाणी ‘नांगर फुकट’ हे गणित मी तरी करणार नाही.

*

प्रेषक: ब्रिस्टलचा धाकटा

काका, वहिनी, हरलो. सहाचा अलार्म रद्द.

पण खानावळीचं काय ते सांगा. काही ठिकाणी जेवायला आलात तर मूरिंग फुकट असं वाचलं. आमच्यात दोघं शाकाहारी आहेत. नुसत्या चिप्स खाऊन बोया मिळतो का?

*

प्रेषक: पवनीकर

मिळतो, पण मालकाची नजर सोसावी लागते. आधी फोन कर, किती लोक जेवणार सांग, आणि मूरिंग शेवटचं कधी तपासलं तेही विचार. बरोबर तारीख सांगितली तर बांध. ‘ठीक असतं नेहमी’ असं म्हणाला तर जेवून ये आणि नांगरावर झोप.

बोयावर टनांचा आकडा असतो. तुझी नौका सात-आठ टनांची धर. त्यापेक्षा कमी आकडा दिसला तर पुढे जा, आणि दोन नौका एका बोयाला बांधू नका. वर तरंगणारा बारीक दोर फक्त हुक लावून उचलायला असतो. रात्र त्याच्यावर काढायची नाही. आपला जाड दोर कडीतून घेऊन दोन्ही बाजूंनी नौकेवर परत आणायचा. संध्याकाळी चारनंतर जाशील तर बोये भरलेले असतील, म्हणून नांगराची जागा आधीच हेरून ठेव.

आठ रात्रींत दोन मरिनाच्या घे, कपडे धुवायला आणि टाक्या भरायला. तीन मूरिंगवर, तीन नांगरावर. वारा बघून अदलाबदल कर, नकाशावर ठरवून बसू नको. आणि ५ पौंडांच्या नोटा, सुटी नाणी, दहा-बारा पाकिटं नि एक पेन प्लास्टिकच्या डब्यात ठेव. आता बोयावर क्यूआर कोड असतात, पण डोंगराआड फोन चालत नाही, आणि पावसात कंटाळा आला तेव्हा मी काय केलं ते तुला माहीत आहे.

ढिवरभाऊनं दोन दिवसांनी परत विचारलं, तिकडे पेटीत पैसे टाकले की नाही हे बघतं कोण. म्हटलं, कोणी नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पूर्वी त्याचा बाप डोंग्याचं धान मागायला घरोघर जात असे, वर्षातून एकदा, सुगीला. ज्याची माणसं वर्षभरात एकदाही डोंग्यात बसली नाहीत तोही सूप भरून द्यायचा. पुलावरून गाड्या जायला लागल्या त्या वर्षी बाप शेवटचा गेला. अर्ध्या घरांनी दिलं, अर्ध्यांनी पूल दाखवला.

बाकी, लाईन आली. मळणी सुरू करतो.