हुआंगलियानच्या गोळ्या आईला द्याव्यात का?

प्रश्न (फोंडा): आईचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आले असून डॉक्टरांनी केवळ आहार आणि चालणे सांगितले आहे. मात्र एका नातेवाइकांनी हुआंगलियान या चिनी मुळीच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर (मडगाव): या मुळीतील बर्बेरीन साखर काही प्रमाणात कमी करते, आणि तेच द्रव्य आपल्या दारुहळदीतही असते. परंतु अशा काही 'हर्बल' गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध छुपेपणाने मिसळलेले आढळले आहे, ज्यामुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून घटक कळत नसतील, तर कृपया देऊच नका.

उत्तर (म्हापसा): बर्बेरीन इतर औषधांचा परिणामही बदलू शकते. माझ्या वडिलांनी दुपारच्या शीतकडीतला भात निम्मा केला, रोज चालले, आणि एचबीए१सीचा आकडा ५.६ वर आला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोळ्या डॉक्टरांनाच दाखवते.