देशाच्या पोलिसांचा वरचा साहेब कोण? आणि जत्रेच्या बंदोबस्ताशी त्याचा काय संबंध?

सांखळीकर
लिस्बनला असलेल्या भाच्याशी फोनवर वाद झाला. तो म्हणतो, तिथे शहरातल्या पोलिसांवर एकच राष्ट्रीय संचालक, खेड्यापाड्यांतल्या गार्ड नावाच्या पोलीस दलावर एक कमांडर, म्हणजे जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं. आपल्याकडे असा माणूस कोण? मे २०२५ मध्ये शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. बदल्या झाल्या त्या उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि पोलीस अधीक्षकांच्या. मग सगळ्यात वरचा करतो काय? आमच्या घरातले दोघे धोंड आहेत, म्हणजे व्रत करून होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे देवीचे भक्त, म्हणून विचारतो.

म्हापशाचा वकील
देशाचा पोलीसप्रमुख हे पदच नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे. सीआरपीएफ, एनआयए यांना आपापले महासंचालक आहेत, पण नाक्यावरचा शिपाई त्यांचा नव्हे. राज्यात वर पोलीस महासंचालक. गोव्याची गंमत अशी की आपले आयपीएस ॲगमुट केडरचे, म्हणजे काही राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून एकच अधिकारीवर्ग. दिल्ली, अरुणाचल, मिझोराम, अंदमान सगळे त्यातच. त्यांच्या नेमणुका केंद्रीय गृहमंत्रालयातून होतात. जिल्हाधिकाऱ्यांचीही बदली का, तर १८६१ च्या पोलीस कायद्यात कलम ४ प्रमाणे जिल्ह्याचे पोलीस जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्याच, सर्वसाधारण नियंत्रणाखाली असतात.

निवृत्त हवालदार, फोंडा
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी बंदोबस्त सांगतो. जत्रेच्या रात्री महासंचालक कुठे उभे आहेत, याने काडीचा फरक पडत नाही. त्यांचं काम आधीच झालेलं असतं, नाहीतर राहिलेलं असतं. माणसं किती द्यायची, आयआरबीच्या (राखीव पोलीस बटालियनच्या) तुकड्या कुठे लावायच्या, दुसऱ्या ठाण्यांतून किती शिपाई काढायचे. इथले काढले की तिथली रात्रीची गस्त लंगडी होते, आणि चोरांना जत्रेची तारीख आपल्याआधी ठाऊक असते!

दुसरं, बदल्या. गर्दीचा बंदोबस्त मुरलेल्या माणसाच्या जिवावर चालतो. कुठल्या वळणावर लोक थबकतात, कुठला गाडेवाला वाट अडवतो, हे कागदावर येत नाही. असा माणूस कुणाच्या तरी फोनवर दुसरीकडे जातो आणि नवा येतो तो रस्ता विचारत. तो फोन अडवणारा साहेब मला चांगला वाटतो. पण त्याचे स्वतःचे पाय टिकले तर ना! प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं की महासंचालकाला किमान दोन वर्षं द्या. सत्तरी कुठे नि काणकोण कुठे हे कळायलाच बाहेरच्या अधिकाऱ्याचं एक वर्ष जातं.

कळंगुटवाला
आमच्याकडे साहेब फक्त मंत्र्यांच्या गाड्यांपुढे दिसतात.

निवृत्त हवालदार, फोंडा
बाबा, ते दिसतात ते प्रोटोकॉलचे. मोजायचं असेल तर तुमच्या ठाण्यात रात्री दोन वाजता किती माणसं आहेत ते मोजा.

सांखळीकर
म्हणजे भाच्याला सांगू की आपल्याकडे जाब विचारायला कुणीच नाही? आणि जत्रेआधी मी विचारू कुणाला?

निवृत्त हवालदार, फोंडा
जाब विचारायचा तर मुख्यमंत्री आणि महासंचालक आहेतच. जत्रेसाठी मात्र डिचोली ठाण्याचे निरीक्षक आणि देवस्थान समिती. दोघांनाही एकच विचारा: होमकुंडाकडून गर्दी बाहेर काढायची वाट कुठली आणि त्या वाटेवर दुकानं लावू देणार की नाही? तोंडी उत्तर घेऊ नका, अर्ज लिहून द्या, पोच घ्या. धोंडांच्या फोनमध्ये ११२ आणि १०८ दोन्ही घाला. भाच्याला सांगा, ११२ त्याच्याकडेही तोच आहे.