मदत हवी आहे: आउटबोर्डच्या ट्रिम मीटरचा काटा हलत नाही

नमस्कार मंडळी. पानशेतला आमची छोटी बोट आहे, तिच्या आउटबोर्डचा, म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या मोटरचा, प्रश्न आहे. बटण दाबलं की मोटर वर-खाली नीट होते, म्हणजे ती उचलणारा पंप आणि त्याला वीज देणारा रिले ठीक असावेत. पण मोटर किती कलली आहे ते दाखवणाऱ्या ट्रिम मीटरचा काटा एका टोकाला चिकटून बसलाय. मोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरची वायर सोडवून अर्थला टेकवली की तो दुसऱ्या टोकाला पळतो, त्यामुळे मीटरवर संशय नाही. मोटर उचलताना सेन्सरचा रेझिस्टन्स सलग बदलायला हवा ना? मल्टिमीटर मध्येच ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवतो. पिनांवरचा हिरवा गंज काढला, तरी तेच. ब्रॅकेटजवळ वायर सतत वाकते, आतून तुटली असेल का? नवा सेन्सर महाग, म्हणून आधी खात्री करायचीय. पुण्यात हे काम जाणणारा मेकॅनिक कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.