मदत हवी आहे: वीर्यतपासणीचे दोन अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत, कोणता धरावा?

नमस्कार. मी कोल्हापूरजवळ पुलाची शिरोली येथे राहतो आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात काम करतो. लग्नाला साडेतीन वर्षे झाली आहेत, पत्नीचे वय ३१ आणि माझे ३४ आहे, आणि गेली दोन वर्षे मूल व्हावे म्हणून आमचे प्रयत्न चालू आहेत. माझी वीर्यतपासणी पंचवीस दिवसांच्या अंतराने दोनदा झाली. विषय खाजगी असला तरी सगळे सविस्तर लिहीत आहे, कारण अर्धवट सांगितले तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

पहिली तपासणी २ डिसेंबरला झाली. त्या अहवालात वीर्याचे प्रमाण १.१ मिली, शुक्राणूंची संख्या मिलीमागे ९ दशलक्ष, पुढे सरकणारे शुक्राणू १४ टक्के आणि आकाराने निर्दोष शुक्राणू २ टक्के, असे लिहिले होते. दुसरी तपासणी २७ डिसेंबरला वेगळ्या प्रयोगशाळेत केली. तिथे प्रमाण २.४ मिली, संख्या २१ दशलक्ष, पुढे सरकणारे २७ टक्के, निर्दोष आकाराचे ३ टक्के आणि खाली ‘पस सेल्स ६-८’ (पस सेल्स म्हणजे पू-पेशी) अशी नोंद आली. पहिला कागद वाचला की छातीत धस्स होते आणि दुसरा वाचला की फार काही बिघडलेले नाही असे वाटते.

आता नमुने कसे दिले ते सांगतो. पहिल्या वेळी ‘किमान तीन दिवसांचा गॅप ठेवा’ (म्हणजे नमुन्याआधी तेवढे दिवस वीर्यस्खलन नको) एवढेच सांगण्यात आले होते. जास्तीत जास्त किती हे कोणी सांगितले नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बारा दिवसांचे अंतर पडले होते. नमुना मी घरीच काढला. दिलेल्या बाटलीचे तोंड अरुंद होते, सुरुवातीचा थोडा भाग बाहेर गेला आणि संकोचापोटी मी ते काउंटरवर बोललो नाही. सकाळी पंचगंगेच्या पुलावर धुके होते, बाटली गाडीच्या डिकीत होती, तावडे हॉटेलजवळ वाहतूक अडकली होती आणि शहरात पोहोचल्यावर पावती होऊन बाटली आत जाईपर्यंत आणखी वेळ गेला. अहवालावर ९ वाजून ५० मिनिटे ही नमुना मिळाल्याची वेळ छापली आहे. नमुना मी ८ वाजून ४० मिनिटांनी काढला होता, आणि ती वेळ कागदावर कुठेच नाही. दुसरा नमुना चार दिवसांच्या अंतराने प्रयोगशाळेतच दिला. तिथली खोली स्वच्छतागृहाला लागून होती, दाराची कडी नीट बसत नव्हती आणि काउंटरवरचे बोलणे शब्दन् शब्द ऐकू येत होते, तरी नमुना पूर्ण मिळाला एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

हे सगळे लिहिण्याचे कारण माझ्या कामात आहे. भट्टीतून वितळलेल्या धातूचा रस ओतण्याआधी आम्ही स्पेक्ट्रोसाठी (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रासाठी) नाण्याएवढा नमुना ओतून घेतो. त्यात स्लॅग (वितळलेल्या धातूवरचा मळ) शिरला किंवा तो नीट गोठला नाही, तर कार्बन आणि सिलिकॉनचे आकडे चुकतात. म्हणून आकडा विचित्र आला की आम्ही भट्टीतल्या मालाला लगेच दोष देत नाही, आधी नमुना कोणी आणि कसा घेतला ते विचारतो. माझ्या बाबतीत हा प्रश्न अजून कोणीही विचारलेला नाही. पहिल्या अहवालावरून नजर फिरवून एका दवाखान्यात सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देण्यात आल्या आणि लगेच आययूआय (वीर्यातील शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करून घ्यावे असे सांगण्यात आले. मला तपासलेही नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला डेंग्यू होऊन चार दिवस १०३ ताप होता, हे सांगण्याची संधीच मिळाली नाही. माझे रोजचे चार-पाच तास भट्टीजवळ जातात, याचीही कोणी चौकशी केली नाही.

शिवाय ‘नॉर्मल’ म्हणजे किती, यातही एकवाक्यता दिसत नाही. पहिल्या अहवालात संख्येच्या पुढे २० दशलक्षांहून अधिक असे छापले आहे, दुसऱ्यात १५, आणि वाचन करताना १६ हाही आकडा सापडला. २१ ही माझी संख्या एका कागदावर जेमतेम काठावर येते, तर दुसऱ्यावर आरामात पुढे जाते.

एक गोष्ट मनात फार सलते. गेल्या दोन वर्षांत पत्नीच्या थायरॉईडच्या, एएमएचच्या (बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या संप्रेरकाच्या) तपासण्या झाल्या, तीन-चार वेळा सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एचएसजीही झाली, आणि त्या दिवशी दुखण्याने ती संध्याकाळपर्यंत उठू शकली नव्हती. तिची फाईल आता रबर लावल्याशिवाय बंद होत नाही. या सगळ्यात दोष काही निघाला नाही. माझी बिनसुईची, काही मिनिटांची तपासणी मात्र ‘त्याला कशाला?’ म्हणून घरात मागे ठेवली गेली आणि मीही ती मागे पडू दिली. आई आणि आत्या अजूनही तिलाच पथ्ये सांगतात. त्यांच्याशी बोलण्याआधी माझे नेमके काय आहे हे मला समजले पाहिजे, म्हणून ही धडपड.

तेव्हा जाणकारांना विनंती आहे की कृपया सांगावे: या दोन अहवालांपैकी कोणता धरावा, की दोन्ही सोडून तिसरी तपासणी करावी, आणि ती केव्हा? डेंग्यूच्या तापाचा आणि भट्टीच्या उष्णतेचा परिणाम यात असू शकतो का? पस सेल्सची नोंद म्हणजे जंतुसंसर्ग समजायचा का? तालमीतल्या एका मित्राने ‘टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घे, महिन्यात फरक पडेल’ असा सल्ला दिला आहे, त्याविषयीही मत हवे आहे. गोळ्या मी अजून सुरू केलेल्या नाहीत.

प्रतिसाद:

नमस्कार. मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, निदान आणि उपचार आपले डॉक्टरच ठरवतील. इंजेक्शनाचे आधी सांगतो, कारण तिथे नुकसान सर्वांत मोठे आहे: ती अजिबात घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळू लागले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे थांबवते आणि शुक्राणू तयार होणे मंदावते. काही जणांची संख्या शून्यावर येते आणि ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात.

पहिला अहवाल आपण धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अंतर दोन ते सात दिवसांचे असावे लागते. ते लांबले की हालचाल मंदावलेले, मृत शुक्राणू वाढतात. सर्वाधिक शुक्राणू वीर्याच्या सुरुवातीच्या भागातच असतात, त्यामुळे नेमका तोच भाग सांडला तर प्रमाण आणि संख्या दोन्ही खोटी कमी दिसतात. नमुना शक्यतो अर्ध्या तासात आणि उशिरात उशिरा तासाभरात तपासायला घ्यावा लागतो, आणि वाटेत तो २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहावा लागतो. आपल्या बाटलीला सत्तर मिनिटे लागली आणि तीही थंडीत, तेव्हा १४ टक्क्यांवर विश्वास ठेवता येत नाही. घरून आणायचाच झाला, तर बाटली डिकीत न ठेवता शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवावी. साबण, तेल, लाळ किंवा साधा निरोध यांचा वापर नको. काही सांडले असेल तर निःसंकोच सांगावे. आम्ही ते रोज ऐकतो आणि लिहून घेतो.

आकड्यांचा घोळ जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेच्या आवृत्त्यांमुळे झाला आहे. १९९९च्या आवृत्तीत मिलीमागे २० दशलक्ष होते, २०१०च्या आवृत्तीत १५ झाले आणि २०२१च्या सहाव्या आवृत्तीत १६ आले. अनेक प्रयोगशाळा जुना नमुनाफॉर्म बदलत नाहीत, एवढेच. नव्या आवृत्तीत प्रमाण १.४ मिली, एकूण शुक्राणू ३९ दशलक्ष, पुढे सरकणारे ३० टक्के आणि निर्दोष आकाराचे ४ टक्के असे आकडे आहेत. हे आकडे प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात ज्यांच्या पत्नीला गर्भ राहिला अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेले आहेत, आणि त्या पित्यांपैकी पाच टक्के या आकड्यांच्या खालीच होते. म्हणजे रेषेच्या खाली असलेल्याला मूल होणार नाही आणि वर असलेल्याला होईलच, असे त्यातून ठरत नाही. आकाराचे ४ टक्के वाचून लोक हबकतात, पण सुदृढ पुरुषांतही बहुतेक शुक्राणू या कडक निकषात बसत नाहीत.

आपल्या दुसऱ्या अहवालात २.४ गुणिले २१ म्हणजे एकूण सुमारे ५० दशलक्ष शुक्राणू होतात आणि त्यांतील १३ ते १४ दशलक्ष पुढे सरकणारे आहेत. संख्या पुरेशी आहे, हालचाल किंचित कमी आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर येण्याआधी परिपक्व होण्यात आणखी काही दिवस जातात, त्यामुळे मोठ्या तापाचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने अहवालात दिसू शकतो. आपल्या दोन्ही नमुन्यांवर डेंग्यूची सावली असण्याची शक्यता आहे. म्हणून तिसरी तपासणी फेब्रुवारीत, नीट अंतर ठेवून, शक्य झाल्यास प्रयोगशाळेतच आणि दुसरी तपासणी झाली त्याच ठिकाणी करावी. उष्णतेचे म्हणाल, तर वृषण शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावे म्हणूनच निसर्गाने बाहेर ठेवले आहेत. काही महिने भट्टीपासून दूरचे काम मिळत असेल तर अवश्य मागून घ्या.

पस सेल्सच्या नोंदीवरून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अपरिपक्व शुक्राणूपेशीही तशाच गोल दिसतात. पेरॉक्सिडेज रंगप्रक्रिया केली की खऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या मोजता येतात, आणि त्या मिलीमागे १ दशलक्षाच्या वर असतील तर डॉक्टर पुढचा विचार करतात. गोळ्या कोणत्या हे आपण लिहिलेले नाही, त्यांबाबत एवढेच सांगतो की जस्त आणि फॉलिक ॲसिड एकत्र देऊन अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला, आणि त्यात अपत्यजन्माचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

युरोलॉजिस्टकडून प्रत्यक्ष तपासणी मात्र टाळू नका. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, उभे राहून हाताने तपासल्यावर कळतात. त्या बहुधा डाव्या बाजूला असतात आणि गरज वाटल्यास डॉपलर सोनोग्राफी करतात. संख्या पुन्हा १० दशलक्षांच्या आत आली तर एफएसएच (पिट्युटरीकडून वृषणांना जाणारे संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सांगतील. वहिनींना पुन्हा कोणतीही तपासणी करायला लावण्याआधी एवढे होऊ द्या.

धागाकर्त्याचा प्रतिसाद:

मनापासून आभार. आपला प्रतिसाद रात्री पत्नीला वाचून दाखवला. एकूण संख्येचा गुणाकार तिने स्वतः कागदावर करून पाहिला आणि तो कागद तिच्या फाईलमध्ये न घालता माझ्यासाठी नवी फाईल काढली. युरोलॉजिस्टची पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे, आणि भट्टीऐवजी वाळू चाचणी विभागात तीन महिने काम मिळावे असा अर्ज आज साहेबांकडे दिला. आईशी रविवारी बोलणार आहे. तिसरा नमुना फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देईन, काढल्याची वेळ बाटलीवर स्वतः लिहीन, आणि अहवाल आल्यावर आकडे इथेच मांडेन.