प्रति: मोफत गोळ्या मिळूनही रक्त का वाढत नाही

गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या मोफत मिळूनही रक्त (हिमोग्लोबिन) का वाढत नाही, या चर्चेत ‘बायका गोळ्या घेतच नाहीत’ असं मत आलं; ते अर्धंच खरं आहे. पुष्कळजणी घेतात, पण चुकीच्या वेळी. दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियम एकाच पिशवीत मिळतं आणि घरी दोन्ही एकदमच पोटात जातं. कॅल्शियम लोहाला रक्तात नीट जाऊ देत नाही, चहाही तेच करतो. दोन्ही गोळ्यांत किमान दोन तास हवेत. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळी सोडणाऱ्याही खूप. ते आधीच सांगायला हवं, आणि सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात तेलुगूतून सांगायला हवं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ७ ते १०.९ ग्रॅम असेल तर रोज लोहाच्या दोन गोळ्या आणि महिन्याने पुन्हा तपासणी. तेवढ्यात १ ग्रॅमही वाढलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. ७ च्या खाली तर गोळ्यांवर थांबूच नये.

रुग्णालयाने वस्तीशी जोडून घ्यावं ही चर्चेतली सूचना मात्र शंभर टक्के पटली. पण आपल्याकडे आशाताई दुपारी घरी जातात तेव्हा विडी कामगार बाई विड्या जमा करायला कारखान्यात गेलेली असू शकते. तपासणी तिथेच, विड्या मोजून घेतात त्या वेळेला ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेही तिथेच सांगता येईल. तंबाखूचा गर्भावर होणारा परिणाम तर वेगळाच. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून निदान विड्या वळून झाल्यावर लगेच साबणाने हात धुवावेत, धुतल्याशिवाय जेवू नये.